सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे वावर वाटलं गेलं असं नाही

बाप गेला की वारसाचा अर्ज तलाठ्याकडे जातो. फेरफार होतो, सातबाऱ्यावर तीन भाऊ, एक बहीण अशी चार नावं चढतात आणि घरात सगळे धरून चालतात की वाटणी झाली. झालेली नसते. ती चार नावं सामाईक क्षेत्राची असतात. विहिरीकडचा तुकडा कोणाचा, नाल्याकडचा कोणाचा, हे त्या कागदावर कुठंच नसतं. तोंडी वाटणीने वीस-वीस वर्षं पेरा होतो, धुरे (बांध) पडतात, आणि मग एकाला कर्ज काढायचं असतं, दुसऱ्याला विकायचं असतं, तेव्हा उरलेल्या तिघांच्या सह्यांवर सगळं अडतं. विदर्भातल्या गावांत जमिनीची पुष्कळ भांडणं इथूनच उगवतात, आणि ती टाळता येण्यासारखी असतात.

वारस फेरफार ही फक्त नावांची नोंद आहे. अर्ज आला की नोंद फेरफार वहीत जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. इथे सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बहिणीचं नाव गाळणं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. साध्या कागदावर घेतलेली सही पुढे टिकत नाही. पण ती मनापासून सोडते आहे की तिला गप्प बसवलं आहे, हे घराने आधी स्वतःला विचारावं.

वाटणीचे रस्ते तीन. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. दुसरा रस्ता नोंदणीकृत वाटणीपत्राचा. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो आणि नोंदणी फी २०२५ मध्ये शासनाने माफ केली. तिसरा दिवाणी कोर्टाचा. तहसीलदारासमोर कोणी ‘याचा हक्कच नाही’ असा वाद काढला की तो वाद दिवाणी कोर्टातच मिटवावा लागतो. कोर्टाचा हुकूम झाल्यावरही प्रत्यक्ष जमीन वाटायला प्रकरण परत महसूल खात्याकडेच येतं. म्हणजे दोन्हीकडचा वेळ लागतो.

कागदावर वाटणी झाली की मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करताना कोणती मोजणी हवी हे नीट लिहावं, कारण इथे गल्लत होते. हद्दकायम मोजणीत तुमच्या पूर्ण सर्व्हे नंबराची बाहेरची सीमा ठरते. पोटहिस्सा मोजणीत आतले हिस्से पडतात. शेजाऱ्याने धुरा कोरल्याचा संशय असेल तर आधी हद्दकायम करून घ्यावी. नाहीतर मुळातच कमी भरलेल्या जमिनीचे चार हिस्से पडतात आणि शेजाऱ्याचं भांडण भावाभावांत शिरतं. मोजणीच्या दिवशी लगतधारकांना नोटीस गेलेली असावी, सगळे हिस्सेदार वावरात हजर असावेत, आणि पऱ्हाटी (कपाशी) किंवा तूर उभी नसावी. उभ्या पिकात खुणा नीट दिसत नाहीत. चैत्र-वैशाख हा यासाठी सगळ्यात सोयीचा काळ.

मोजणी झाल्यावर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवायचा कागद आहे. त्यावर अभिलेखातली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. दोन्ही रेषांमध्ये अंतर दिसलं तर तिथेच थांबून विचारावं. यानंतर आकारफोड होते, म्हणजे मूळ नंबरावरचा शेतसारा हिस्स्यांच्या क्षेत्राप्रमाणे वाटला जातो, आणि सर्व्हे नंबर ४५ चे ४५/१, ४५/२ असे पोटहिस्से होऊन प्रत्येकाचा सातबारा वेगळा निघतो. नागपूरकडच्या जुन्या कागदांत ‘खसरा नंबर’ दिसेल, वऱ्हाडात ‘सर्व्हे नंबर’, आणि एकत्रीकरण योजना झालेल्या गावात ‘गट नंबर’. जुना नंबर कोणत्या नव्या नंबरात गेला ते जुळवून पाहिल्याशिवाय खरेदीवर सही करू नये.

आता खरी अवघड गोष्ट: रेषा कुठून काढायची. आठ एकरांचं, म्हणजे ३ हेक्टर २४ आरचं चौकोनी वावर धरा, १८० मीटर लांब, १८० मीटर रुंद. पांदण, म्हणजे शेतांकडे जाणारी गाडीवाट, दक्षिणेला. चौघांना प्रत्येकी ८१ आर. उत्तर-दक्षिण पट्ट्या पाडल्या तर प्रत्येकी ४५ मीटर रुंद, १८० मीटर लांब पट्टी येते आणि चौघांचंही तोंड पांदणीला लागतं. पूर्व-पश्चिम पाडल्या तर दक्षिणेकडचा एकटा पांदणीवर राहतो, मागचे तिघे अडकतात. त्यांच्यासाठी एका बाजूने वाट सोडावी लागते. शेवटच्या पट्टीपर्यंत पोचायला ती १३५ मीटर लांब हवी. ३ मीटर रुंद धरली तर ४०५ चौरस मीटर, म्हणजे चार आर जाते. ४ मीटर धरली, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला तेवढी हवीच, तर ५४० चौरस मीटर.

तरीही काही वावरांत पूर्व-पश्चिम पट्ट्याच बरोबर असतात. काळ्या जमिनीला दक्षिणेकडे उतार असेल तर उत्तर-दक्षिण लांब पट्टीत वखर आणि पेरणी उताराच्या दिशेनेच होते, आणि आषाढातल्या एका मोठ्या पावसात माती पांदणीत येते. आडव्या पट्ट्यांत पाणी अडतं. अशा वेळी वाट सोडण्याचं नुकसान पत्करावं, पण ते चौघांनी वाटून घ्यावं आणि वाटणीपत्रात वाटेची लांबी-रुंदी, बाजू, वापरणारे, सगळं लिहावं. ‘जाण्या-येण्याचा रस्ता राहील’ एवढ्या मोघम वाक्यावर पुढची पिढी कोर्टात उभी राहते. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायची तरतूद केली आहे. ती करून घ्यावी. वाट आधीच अडवली गेली असेल तर धुऱ्यावरून नवीन वाट मागण्यासाठी संहितेचं कलम १४३, आणि वहिवाटीचा चालू रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडेच, पण कलम चुकलं की अर्ज फेटाळला जातो.

विहीर एकाच पट्टीत येते. तिच्या पाण्याच्या पाळ्या, मोटारपंपाचं वीजबिल, पाइप कोणाच्या जमिनीतून जाणार, हेही त्याच कागदात हवं. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, तीही बघावी. ८१ पैकी नाल्याचे दहा आर एकाच्याच वाट्याला आले तर क्षेत्र सारखं दिसूनही तो नागवला जातो.

लहान जमिनीला तुकडेबंदी आडवी येते. १९४७ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान हिस्सा पाडता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एक आरपेक्षा किंचित जास्त. चाळीस गुंठ्यांचा एकर. पूर्व विदर्भात डिसमिलमध्ये बोलतात, त्याचे शंभर म्हणजे एकर. दीड एकर कोरडवाहू चौघांत वाटलं तर प्रत्येकी पंधरा गुंठे, म्हणजे तुकडा. अशी वाटणी मंजूर होत नाही. वारस म्हणून चौघांची नावं सामाईक राहू शकतात, किंवा एका-दोघांनी जमीन घेऊन बाकीच्यांना मोबदला द्यावा. आधीपासून असलेला तुकडा विकायचा झाला तर कायद्याने तो लगतच्या खातेदारालाच विकावा लागतो. विहीर, शेतरस्ता, ग्रामीण घरकुल अशा कामांसाठी २०२४ पासून जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीने सूट मिळते. विहिरीसाठी कमाल पाच आर.

वाटणीच्या आधी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग कोणता ते बघावं. वर्ग १ ची जमीन मोकळी. वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर शासनाची बंधनं, परवानगीशिवाय विक्री नाही. विदर्भातल्या जुन्या कागदांत ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ असे शब्द येतात. भूमिधारी लिहिलेलं दिसलं तर बंधनाचा शोध घ्यावाच. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घेता येत नाही असंच धरून चालावं. आणि शेती घेणारा शेतकरी नसेल तर विदर्भात कुळ कायद्याचं कलम ८९ आडवं येतं.

गावाला लागून असलेल्या वावराचे प्लॉट पाडणं हा वेगळाच मामला आहे, आणि सध्या तालुक्याच्या गावांभोवती गरिबांचा पैसा इथेच बुडतो. चुन्याच्या रेषा मारल्या, चार खांब रोवले म्हणजे लेआउट झाला नाही. मंजूर लेआउटमध्ये अंतर्गत रस्ते किमान नऊ मीटरचे असतात, चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा सुटते, आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग जागेवर सीमांकन होऊन अंतिम मंजुरी, आणि त्यानंतर प्रत्येक प्लॉटचा वेगळा अकृषिक सातबारा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणीही लागते.

याऐवजी विकणारा बहुतेक वेळा तीनपैकी एक कागद दाखवतो. नोटरी केलेला करार: त्याने मालकी येत नाही. वावरातल्या अविभक्त हिश्श्याची खरेदी: तुमचा प्लॉट नेमका कोणता हे त्यात ठरत नाही, तुम्ही अनोळखी पन्नास जणांसोबत सामाईक होता. आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८: ती घरपट्टीची आकारणी आहे, मालकीचा पुरावा नाही, तलाठ्याच्या ८-अ खाते उताऱ्याशी तिचा संबंध नाही. पैसे देण्याआधी अंतिम मंजुरीच्या नकाशावर आपल्या प्लॉटचा नंबर बोट ठेवून दाखवायला सांगावं, आणि तोच नंबर सातबाऱ्यावर आहे का ते स्वतः ऑनलाइन उतारा काढून तपासावं.