उधारी कोण वसूल करतं?

"हे कागद विकतात ना? मग उधारी वसूल करायला कोण जातं?"

काल रात्री 'द ऑफिस' ही अमेरिकन विनोदी मालिका बघताना बाबांनी मध्येच विचारलं. अप्पा बळवंत चौकात चाळीस वर्षं कागदाचं दुकान चालवलेला माणूस. विनोदांकडे लक्षच नाही. मालिकेतल्या स्क्रँटन शहरातल्या डंडर मिफ्लिन या काल्पनिक कागद कंपनीला खाली गोदाम आहे म्हटलं, तर म्हणे, "ओल लागत नाही का रीमना?"

२००५ ते २०१३, नऊ सीझन. मी दोनदा पाहिलेत. (ऑफिसच्या कामापेक्षा जास्त मन लावून, खरं तर.) हा प्रश्न एकदाही सुचला नाही.

तिथे मला माणसंच दिसली. बाबांच्या दुकानात मात्र इतकी वर्षं फक्त रीमच दिसल्या.

दुपारच्या चहाला तिथे कोण कोण जमायचं? आज विचारू का त्यांना?