अजून एक अटेम्प्ट देऊ का?

लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवा परीक्षेच्या प्रत्येक निकालानंतर हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'दे' एवढंच ऐकायचं असतं. त्याला धीर हवा असतो, मी ओएमआरची, म्हणजे गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची, कार्बन प्रत मागतो. मग मी कोरडा ठरतो. ठरू दे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

अंतिम उत्तरतालिका शेजारी ठेवा. पूर्व परीक्षेच्या पेपर एकमधला चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न चारपैकी एका रकान्यात टाका: वाचलंच नव्हतं, वाचलेलं आठवलं नाही, दोन पर्यायांत अडकलो, वेळ संपली. पहिले दोन रकाने भरले असतील तर अभ्यास किंवा उजळणी कमी पडली; ते वर्षभरात सुधारतं. तिसऱ्यात सोडलेले प्रश्न जास्त असतील तर दुखणं भीतीचं आहे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा वजा. असे २० प्रश्न अंदाजाने सोडवून निम्मेच बरोबर आले, तरी २० वजा ५, म्हणजे १५ गुण पदरात. कोरे ठेवले तर शून्य. यापेक्षा कमी फरकाने कट-ऑफ हुकलेली पोरं आणखी दोन पुस्तकं विकत घेतात! सीसॅटच्या, म्हणजे पूर्व परीक्षेच्या नुसत्या पात्रतेपुरत्या दुसऱ्या पेपरच्या, २०० पैकी ६६ गुणांतच अडकत असाल तर हा हिशोबही नको, आधी रोज तासभर उतारे सोडवा.

आता २०२३. मुख्य परीक्षेच्या नव्या पॅटर्नविरुद्ध पुण्यात झालेलं विद्यार्थ्यांचं आंदोलन मला या प्रश्नापासून वेगळं काढता येत नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, तीही २०२३ पासूनच, असं आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. कुठे बहुतांश वस्तुनिष्ठ ८०० गुण आणि कुठे १७५० गुणांचं लिखाण. वर्षानुवर्षं गोल काळे करण्याचा सराव केलेल्यांचा राग रास्तच होता. आंदोलनानंतर बदल २०२५ वर गेला. पण जाहीर झाल्या दिवसापासून नव्या पॅटर्नमधला वैकल्पिक विषय हातात घेतलेली मुलंही त्याच अभ्यासिकांत बसत होती. त्यांची मेहनत लांबणीवर पडली. शिवाय मिळालेल्या दोन वर्षांचं करायचं काय होतं? २५० गुणांना तीन तास, म्हणजे १० गुणांच्या उत्तराला जेमतेम सात मिनिटं. रोज घड्याळ लावून दोन उत्तरं हाताने लिहायची, दुसऱ्याकडून तपासून घ्यायची, दुसऱ्या दिवशी त्यातलं एक पुन्हा लिहायचं. त्याऐवजी 'जुन्या पॅटर्नचा शेवटचा चान्स' म्हणत त्याच नोट्सवर चौथ्या रंगाचं हायलायटर फिरलं.

पॅटर्न कुठलाही असो, जो टिकेल त्याचं होतं, असं मी पूर्वी म्हणायचो. आज त्या माणसाशी माझं भांडण आहे. नुसतं बसून राहणाऱ्यालाही त्या वाक्याने तेवढाच धीर मिळतो. तरी ते पुरतं खोडवत नाही. टिकून पोस्ट काढलेली माणसं समोर दिसतात.

वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ती अर्जाची मर्यादा आहे. तिच्यावर घराचं वेळापत्रक बांधू नका. आयोगाच्याच संयुक्त गट-ब परीक्षेचा अर्ज भरा. अभ्यास बराच सामाईक आहे. कमावण्याचं एखादं काम तयारी चालू असतानाच शिकायला घ्या, निकालानंतरच्या महिन्यात ते सुरू होत नाही. आणि लागोपाठ दोन निकालांत तेच रकाने तसेच भरले, तर मी 'थांब' म्हणतो. त्यानंतरच्या अटेम्प्टला पास झालेल्यांची नावं तुम्ही लगेच सांगाल. मलाही माहीत आहेत, म्हणून तो शब्द उच्चारताना दर वेळी अडखळायला होतं.