केम्प्टनचा बाजार: डॅनिश वळणाचं ब्रिटिश फर्निचर

लंडनच्या नैर्ऋत्येला केम्प्टन पार्क रेसकोर्सवर महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. वॉटर्लूहून थेट ट्रेन आहे, स्टेशन रेसकोर्सच्या शेजारीच. साडेसहाला बाजार सुरू होतो आणि चांगला माल बघता बघता उचलला जातो, त्यामुळे पहाटेच निघा. प्रवेश मोफत.

मी गेले ती साठच्या दशकातले सागवानी साइडबोर्ड, म्हणजे जेवणघरातली लांब, बुटकी कपाटं, बघायला. एका लांबलचक साइडबोर्डवर नुसती ‘डॅनिश स्टाइल’ अशी चिठ्ठी होती. दर्शनी भागावरून काही ठरवता येत नाही; सागाचा व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) आणि निमुळते पाय सगळ्यांकडेच असतात. वरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, तर आत लेबल: ए. एच. मॅकिंटॉश, कर्कॉडी. म्हणजे अस्सल स्कॉटिश! हँडल भरीव सागातून कोरलेलं, खालून बोटं अलगद आत शिरतील असं घासलेलं. असं हँडल दिसलं की मी तिथून हलत नाही. कारागिरीत मॅकिंटॉश डॅनिश कारखान्यांच्या तोडीस तोड आहे, असं माझं ठाम मत आहे.

जी प्लॅन हा हाय विकमच्या ई. गॉम कंपनीचा 1953 पासूनचा ब्रँड. 1962 मध्ये त्यांनी इब कोफोड-लार्सन या डॅनिश डिझायनरकडून खास मालिका करून घेतली. ड्रॉवरमध्ये कोफोड-लार्सन यांच्या सहीचा सोनेरी शिक्का दिसला तर सोडू नका. 1966 ची ‘फ्रेस्को’ मालिका मात्र सर्रास मिळते, तिच्यासाठी घाई नको.

यंगर, मेरेड्यू या ब्रिटिश कंपन्यांच्या मालात सागाऐवजी बऱ्याचदा आफ्रिकेतलं अफ्रोमोसिया हे लाकूड असतं. रंग फसवा, पण पोत बारीक आणि सागाचा तेलकटपणा नाही. सागवानी कपाटांच्या घरात वाढलेल्यांना हात फिरवताच फरक कळेल. पाठीमागचे स्क्रूही बघा: डोक्यावरच्या फुलीच्या खाचांच्या अधेमधे चार बारीक रेघा असतील तर ते पोझिड्राइव्ह प्रकारचे, म्हणजे साठच्या दशकातले किंवा नंतरचे.

गादीच्या खुर्चीवर ब्रिटनच्या आगीपासून सुरक्षेच्या नियमांचं लेबल शोधा. 1950 नंतरच्या खुर्चीला ते नसेल, तर फोम आणि कापड बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

सोबत टॉर्च, मोजपट्टी, रोख पैसे आणि घराच्या दाराचं, जिन्याच्या वळणाचं माप हवंच. हे साइडबोर्ड सहा-सात फुटी असतात, व्हॅनवाला आधीच ठरवून ठेवा.