वरच्या फळीवरचा डबा

नौपाडा, रात्री साडेदहा

साखरेचा डबा आज वरच्या फळीवर गेला. पापडांच्या डब्यामागे, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा. माई काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण दिवसभर तेच डोक्यात. गोड कमी करायचं मी ठरवलं, माझं मी. मग ही राखण कशाला? या वयात माझ्यापासून खाऊ लपवायचा?

डब्यातली साखर हा मुळात छोटा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा 2015 चा सल्ला असा की वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस हे सगळं धरून दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत राहावं. 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, तर अधिक चांगलं. चहाचा सपाट चमचा 4 ग्रॅमचा, शिगोशीग भरला की सहा-सात. पण 300 मिलीच्या कोल्ड्रिंकच्या एका बाटलीत तिशीच्या आसपास ग्रॅम साखर असते. मोठा चमचाभर टोमॅटो सॉसमध्ये चारेक ग्रॅम. ती कुठल्या फळीवर ठेवणार? पुड्याच्या मागे ‘ॲडेड शुगर’चा आकडा असतो, तो वाचायचा. घटकांच्या यादीत लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप दिसलं तर तीही साखरच. गूळ घातला म्हणून हिशोब बदलत नाही. त्यातही बहुतांश सुक्रोजच.

आणि चार वाजताची गोडाची ओढ डबा बघून येत नाही. ती सकाळच्या चहा-पोह्यांतून आणि दुपारच्या पोळी-बटाटा-भातातून येते. प्रथिनं नसली की पोटाला आधार राहत नाही. डब्यात वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ हवी, आणि साडेतीनलाच, ओढ लागायच्या आधी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. 30 ग्रॅममध्ये सातेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. ओढ लागल्यावर खाल्ले तर त्यावर बिस्किटही खाल्लं जातं. रात्री झोप कमी झाली असेल तर घ्रेलिन, म्हणजे भूक लावणारं संप्रेरक, वाढतं, भूक खवळते. अशा दिवशी निश्चयाच्या भरवशावर राहू नये.

चहातल्या साखरेचं म्हणाल तर ती एकदम बंद करायची नाही. आठवड्याला पाव चमचा उतरवायचा. जीभ निमूट सरावते. साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्यांनी साखर टळते, पण गोडाची सवय तशीच राहते. वजनासाठी त्या वापरू नयेत, असं 2023 मध्ये त्याच संघटनेने सांगितलंय.

हे सगळं माईंना ठाऊक नसेल असं नाही. तरी डबा वर. विश्वास नाही म्हणून? की काळजी म्हणून? आई असती तर... जाऊ दे.

हे लिहिताना दुसरंच सुचलं आणि माझं रुसणं बाजूला पडलं. अप्पांचं इन्शुलिन! रात्री घाम, हातांना कंप, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं: ही गोडाची ओढ नव्हे, इन्शुलिनने रक्तातली साखर फार उतरल्याची खूण. तपासून 70 मिग्रॅ/डेसिलीटरच्या खाली आली, किंवा तपासायला वेळच नसला, तर 15 ग्रॅम साखर लगेच, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मग एखादी पोळी, दूध. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. चॉकलेट, बर्फी त्या वेळी कामाची नाही. तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात हळू पोचते. अशा घरात साखर स्टुलावर चढून काढायची नसते.

माईंना उद्या सकाळीच हे सांगायचं. त्यांनी डबा माझ्यासाठी हलवला, हे मनाला लागलंय, ते लागलेलं राहील थोडं. राहू दे. मोठा डबा हवा तर वरच राहो. ओट्याजवळ एक छोटी बरणी ठेवायची, त्यावर चिठ्ठी: ‘अप्पा, चार सपाट चमचे, 15 मिनिटं’. ग्लुकोमीटर, साखर तपासायचं यंत्र, तिच्या शेजारी. पट्ट्या संपत आल्यात, संध्याकाळी गोखले रोडवरून येताना घ्यायच्या. मटकी आत्ताच भिजत घालते.