बेचाळीस पायऱ्या आणि कौन्सिलचं घर

इचलकरंजीहून मावशीचा फोन होता. "तिकडं अर्ज केला की सरकार घर देतं म्हणे!" तिला फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये आम्हाला पंधरा वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, लिफ्ट नाही, बेचाळीस पायऱ्या. ह्यांना पक्षाघात झाला आणि हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. पुढचे चार महिने हे खाली उतरले ते फक्त तपासणीसाठी, तेही असंच कुणीतरी उचलून नेलं म्हणून. बाकी दिवसभर खिडकी.

आधी एक गोष्ट, कारण नव्याने आलेल्यांचा इथेच घोळ होतो. कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर सहसा कौन्सिलचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, भाड्याने मिळणारं) घर मागता येत नाही. सरकारी मदत घ्यायची नाही, ही व्हिसाची अटच असते. कायमचं राहण्याची परवानगी किंवा नागरिकत्व मिळालं की मग अर्जाचा विचार होतो. आम्हाला ते मिळालेलं होतं.

अर्जासोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं. उत्तर आलं : बँड सी. बँड म्हणजे गरजेप्रमाणे लावलेला गट. बँड ए म्हणजे सगळ्यात तातडीची गरज, आणि आमच्याकडे डी शेवटचा. मी त्या रात्री खूप रडले. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा ध्यानात आलं की डॉक्टरांनी आजार नीट लिहिला होता, पण घरामुळे काय अडतं याबद्दल एक ओळही नव्हती. कौन्सिलला तेच हवं असतं. निर्णयाची फेरतपासणी मागायला कौन्सिलच्या पत्रात २१ दिवसांची मुदत होती.

तेवढ्यात कौन्सिलच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारी माणसाला घरात रोजची कामं कशी जमतात हे पाहणाऱ्या तज्ज्ञ) घरी आल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी बाथरूमच्या दाराला टेप लावली. ६१ सेंटिमीटर. व्हीलचेअर ६५. मग टबच्या काठाची उंची मोजली आणि मला विचारलं, "यांना आत कसं उतरवता?" मी करून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, लिहीत राहिल्या. त्यांचा अहवाल आणि मी ठेवलेली रोजची नोंद (कधी पडले, आंघोळ किती दिवस झाली नाही, कोणती तपासणी चुकली) दोन्ही जोडून फेरतपासणी मागितली. बँड बी मिळाला. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की अशी वेळ आली तर पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा. आपल्याला घरातली अडचण चार लोकांत सांगायची लाज वाटते. मलाही वाटली, आणि त्यात आमचे काही महिने गेले.

मग बिडिंग. नावावर जाऊ नका, पैशाची बोली नसते. रिकामी घरं दर आठवड्याला वेबसाइटवर लागतात, आपण पसंती नोंदवायची. ज्याचा बँड वरचा, आणि एकाच बँडमध्ये ज्याची प्रतीक्षा यादीतली तारीख जुनी, त्याचा नंबर आधी. म्हाडाच्या सोडतीसारखं नशिबावर नसतं, आणि घर मालकीचंही होत नाही, भाडं दरमहा भरायचं. व्हीलचेअर चालेल अशी घरं आमच्याकडे महिन्याला एखाददुसरंच निघायचं. एकोणिसावा नंबर, मग अकरावा, मग सहावा.

मधे मी इतकी कंटाळले होते, की फ्लॅट सोडून भावाकडे जाऊन राहावं असं वाटलं. सल्ला केंद्रातल्या बाईंनी अडवलं. राहतं घर आपण होऊन सोडलं तर "स्वतःहून बेघर झाले" असं ठरू शकतं, आणि मग बेघर म्हणून कौन्सिलकडून मिळणारी मदत फारच तोकडी होते. थांबलो.

चौदा महिन्यांनी तळमजल्याचं घर मिळालं. बाथरूममध्ये टब नाही, सपाट फरशी. कौन्सिलची घरं बहुतेक रिकामीच मिळतात. आमच्या घरात गालिचा नव्हता, शेगडी नव्हती, फ्रीजही नव्हता. पहिले दोन आठवडे उघड्या सिमेंटवर काढले. त्याच सिमेंटवरून पहिल्या संध्याकाळी हे चाकं फिरवत दारापर्यंत गेले, कडी काढली आणि बराच वेळ बाहेर पावसात बघत बसले.