तुम्ही विचारलंत म्हणून : माझा वात आणि गरम वरण

"तुझी वाताची प्रकृती ना, मग तुझा डाएट चार्ट पाठव ना" असं महिन्यातून दोनतीनदा तरी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. (आयुर्वेदात वात, पित्त, कफ असे शरीरातले तीन दोष मानतात, ज्याचा जोर जास्त ती आपली प्रकृती. माझी वाताची.)

चार्ट नाहीये. पाच वर्षांपूर्वी वैद्यांकडे गेले तेव्हा गुडघे कटकट वाजायचे, पोट साफ व्हायचं नाही, रात्री तीनला टक्क जाग, आणि थंडीत टाचा अशा फुटायच्या की पायमोजा भेगेत अडकायचा. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि पहिलं विचारलं, जेवता किती वाजता? मी म्हटलं ऑफिसचं काही खरं नसतं, कधी दोन कधी चार, मधे भूक लागली की चुरमुरे, फुटाणे, खाकरा, म्हणजे हेल्दीच की सगळं. ते म्हणाले, रूक्ष, लघु, शीत, म्हणजे कोरडं, हलकं, थंड, हे वाताचेच गुण, आणि तुम्ही दिवसभर तेच खाताय. प्रकृती जन्माची, ती बदलायची नसते, जे वाढलंय ते खाली आणायचं. हे वाक्य मला फार पटलं, कारण मी तोवर स्वतःला दुरुस्तच करत होते.

तर बदललं काय? मुख्य म्हणजे वेळ. साडेबाराला डबा, काहीही झालं तरी. गरम मुगाचं वरण, त्यात हिंग-जिऱ्याची फोडणी, वर तूप, थर्मासमधे नेते. रात्रीचं दही बंद (अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातच लिहिलंय रात्री दही खाऊ नये), दुपारी ताजं ताक जिरं-सैंधव घालून. चुरमुरे पूर्ण सोडले नाहीत, पण आता तेलाची फोडणी देऊन भडंग करते.

आणि माझं बघून कॉपी करू नका प्लीज. आमच्याच घरी नवऱ्याला पित्त, ऑक्टोबर हीट आली की तोंड येतं, अंगावर पित्त उठतं, मग आमसुलाचं पाणी लावत बसायचं. त्याच्या वरणाला हिंग कमी, मिरची नाही, जेवणानंतर गुलकंद. मुलगी कफाची, तिला सर्दी आणि सकाळची झोप, तिच्या ताटात तूप थोडंच आणि आलं जास्त. पातेलं एकच, वाढताना फरक. डायबेटिस-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या परस्पर बंद करू नका.

रात्री मात्र एक गोष्ट चुकवत नाही. कढल्यात चमचाभर तिळाचं तेल कोमट करायचं, आधी डोक्याला, कानांमागे, मग तळपाय. नवऱ्याच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासते, दहा मिनिटांत तळवे काळे होतात आणि तो तिथेच घोरायला लागतो. माझे गुडघे अजून वाजतात, ते खरंय. पण दोन हिवाळे झाले, टाचा फुटल्या नाहीत.