सिबिल, भाचा आणि माझं उणे एक

बुधवार, रात्री साडेदहा

दुपारी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात ताईचा धाकटा आला. चपलाही न काढता दारातच उभा. "मावशी, लय घोय झाला वं." मला वाटलं, गाडी ठोकली कुठंतरी. तर नाही. सिबिल. म्हणजे उधार-उसनवारी वेळेवर फेडली का, त्याचे गुण.

महिन्यापूर्वी हाच पेढे घेऊन आला होता. बँकेत क्लार्क म्हणून निवड झाली. तीन वर्षं अभ्यासिकेत काढली पोरानं. रुजू होण्याआधी रिपोर्ट काढून पाहिला, तर 611. मी विचारलं, कितीपैकी? म्हणे, 300 ते 900. म्हणजे शून्य कुणालाच मिळत नाही! जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला, आधी हेच डोक्यात येणार.

"पण तुला कर्ज घ्यायचंच कुठंय? नोकरी तर करायचीय," मी म्हटलं. त्यानं बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसची जाहिरातच पुढं केली. रुजू होताना सिबिल नीट हवं, किमान स्कोअर त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे, आणि थकबाकी दिसत असेल तर ती दुरुस्त करून घ्या किंवा कर्ज देणाऱ्याची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा. नाहीतर नेमणूक रद्द होऊ शकते. वर चालू घडामोडी तोंडपाठ असल्यानं त्यानंच सांगितलं, की स्टेट बँकेनं एकाची नेमणूक याच कारणावरून रद्द केली होती आणि 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बँकेचंच म्हणणं उचलून धरलं. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, असं. तत्त्व म्हणून मला पटतंही. पण कुणाची शिस्त?

रिपोर्ट पाहिला. महिन्यांच्या चौकटी, हुबेहूब हजेरीपट. 000, 000, 000, मग 030, 060, 090. हप्ता किती दिवस थकला त्याचे आकडे. आमच्या हजेरीपटात निदान 'आजारी' असं लिहायला जागा असायची.

थकलं होतं काय, तर मोबाइलचे शेवटचे दोन हप्ते. फोन याचा नाहीच. कॉलेजात असताना मित्र म्हणाला, तुझ्या नावावर घे, हप्ते मी भरतो. दुकानातल्या दुकानात आधार, पॅन, एक सही, दहा मिनिटांत फोन मित्राच्या खिशात. मित्र नोकरीला पुण्याला गेला, दोन हप्ते राहिले. 2,300 रुपयांचे आता दंड-व्याज धरून 4,180 झालेत. कंपनीचे फोन यायचे म्हणे, हा फसवणुकीचे समजून कापत राहिला. गाढव कुठला. त्याला दोन शब्द ऐकवले, मग चहा दिला.

संध्याकाळी पैसे भरले. एनओसी सात-आठ दिवसांत मेलवर येईल म्हणतात, रुजू व्हायला बारा दिवस आहेत. रिपोर्टमधली चूक तक्रार केल्यावर 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण इथं चूकच नाही ना. सही याची, नाव याचं.

जाता जाता म्हणाला, मावशी, तुझंही पाहू. वर्षातून एकदा फुकट मिळतो रिपोर्ट. मी जरा ऐटीतच पॅन नंबर सांगितला. आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज दोनदा घेतलं, पगारातून कापून गेलं. आकडा आला उणे एक. "म्हंजे तुह्यी काही नोंदच नाही," तो हसायला लागला. छत्तीस वर्षं नोकरी, वाण्याकडं वहीसुद्धा नाही, आणि नोंद नाही! पतसंस्थेत पत होती, ती तिथंच राहिली वाटतं.

रात्री ताईचा फोन. तिला नोकरीपेक्षा वेगळीच काळजी. "पुढं स्थळं पाहताना कुणी हे विचारलं तर?" मी हसणार होते, पण 2025 च्या फेब्रुवारीतली मूर्तिजापूरची बातमी आठवली. मुलाचं सिबिल पाहून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मूर्तिजापूर म्हणजे इथून तासाभराची वाट. मुलीच्या मामानं काढायला लावलं म्हणे सिबिल. एका अर्थी शहाणाच मामा. पूर्वी आपण गावात चार घरी विचारून यायचो, हा मोबाइलवर पाहून आला. फक्त चार घरं सांगायची की अहो, तो फोन त्याचा नव्हता. चौकटीतलं 090 ते सांगत नाही.

आणि गंमत म्हणजे त्या पुण्याच्या मित्राचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. त्याचं सिबिल कुणी पाहिलंच असेल, तर हे दोन हप्ते त्यात कुठंच नाहीत. पत्रिका ताईच्या घरी येऊन पडलीय. भाचा विचारत होता, जाऊ का? मी म्हटलं, जा की. आहेर तर तू आज संध्याकाळीच भरलास.